थ्री नॉट थ्रीचा 'सीलबंद' माल: पितळ चकाचक, कॅप थकलेली

आधीच सांगतो, पुण्यातल्या कुणी हे खरेदीसाठी वाचू नये. थ्री नॉट थ्री (.३०३) ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप. सामान्य नागरिकाला ना रायफल मिळत, ना काडतूस. पण इथल्या निम्म्या घरांतली पोरं अमेरिकेत आहेत, आणि 'आर्मी सरप्लस, सीलबंद, १९५० च्या दशकातला' अशी जाहिरात बघून हुरळणारा आमचा केदार एकटाच नसणार. केदार म्हणजे माझा भाचा. टेक्ससमध्ये असतो, ली-एनफील्ड ही थ्री नॉट थ्रीची जुनी फौजी रायफल बाळगतो आणि शंका आली की खडकीला फोन लावतो, कारण मामाची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या तपासणीत गेली.

तसली जाहिरात बघून त्याने जुनी काडतुसं मागवली. माल आला त्या रात्री व्हिडिओ कॉल. केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, बुडावर 'के एफ' निघेल आणि मामा हळवा होईल, असं त्याला वाटत होतं. 'के एफ' म्हणजे किरकी फॅक्टरी, १८६९ पासूनचा आपला खडकीचा कारखाना. निघाला भलत्याच देशाचा शिक्का. कुठला ते लिहीत नाही. दोष बनवणाऱ्याचा नसून नंतर ज्यांनी ज्यांनी तो गोदामात कोंबला त्यांचा असावा, असं माझं मत आहे.

दिसायला माल देखणा. खाकी कापडी बँडोलियर, म्हणजे काडतुसांचा खांद्यावरचा पट्टा, पाच कप्पे, प्रत्येकात पाच-पाच राउंडच्या (काडतुसांच्या) दोन क्लिपा. पितळ तर लग्नाला निघाल्यासारखं. मी विचारलं, "डब्याचं झाकण तू कापलंस का?" म्हणे, "नाही मामा, डबा उघडाच होता, आत प्लास्टिकची पिशवी होती. ती सीलबंद होती." झालं! कारखान्यातून सील होऊन आलेल्या डब्यातलं पितळ सत्तर वर्षांनी चकाकू शकतं, ते मी पाहिलंय. पण उघड्या डब्यातलं, कापडात राहिलेलं पितळ काळवंडायलाच हवं. ते चमकतंय म्हणजे विकण्याआधी कुणीतरी घासलंय, आणि घासताना गंजाचे हिरवे डागही गेलेत. जो पुरावा बघायचा तोच पुसलेला. जुन्या मालात काळं पितळ मला चालतं. घासलेलं पितळ बघितलं की मी चष्मा बदलतो.

मग त्याला भिंग घ्यायला लावलं आणि गोळी धरणाऱ्या मानेपासून खांद्यापर्यंत प्रत्येक केस उजेडात फिरवून बघायला सांगितली. इथे थोडं विषयांतर, पण ते आपल्याच मातीतलं आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, आणि ती बऱ्याचदा तबेल्यांत ठेवलेली असायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि केस ओढून घडवताना पितळात उरलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की मान उभी चिरते. हा उलगडा नीट व्हायला १९२१ उजाडलं. केस घडवल्यावर योग्य तापमानाला तापवून तो ताण काढला की प्रश्न मिटतो. केदारच्या मालात काही केसांच्या मानेवर केसाएवढ्या रेषा निघाल्या. ते राउंड तिथल्या तिथे बाजूला. बॅरलमध्ये घालायचं नावही नाही.

बुडावरचं वाचन सोपं आहे. सात म्हणजे मार्क सात, १९१० पासूनची टोकदार गोळी. वजन १७४ ग्रेन, वेग सेकंदाला २४४० फुटांच्या आसपास. साताच्या मागे 'झेड' असेल तर आत नायट्रोसेल्युलोज दारूचे दाणे, नसेल तर कॉर्डाइट, म्हणजे काड्यांच्या रूपातली दारू. इथे 'झेड' नव्हता. एक गोळी उपसून बघितली तर आत शेवयांसारख्या काड्यांची जुडी आणि वर पुठ्ठ्याची चकती. काड्या सरळ, कोरड्या, रंग एकसारखा, आंबूस वास नाही. दारू खराब होते तेव्हा नाकाला झोंबणारा आम्लाचा वास येतो. इथे दारूबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार कॅपबद्दल, म्हणजे बुडातल्या, ठोका बसला की पेटून दारूला आग देणाऱ्या टिकलीबद्दल. रेंजवरचा व्हिडिओ केदारने पाठवला तो मी आवाज मोठा करून ऐकला. टक्... ठो! ट्रिगर आणि बार यांच्यामध्ये कानाला स्पष्ट कळेल इतकी फट. हा हँगफायर. आणि एखाददुसरा नव्हे, जवळपास प्रत्येक क्लिपमध्ये. कॅपमधला मसाला दमटपणाने आणि उन्हाळ्यातल्या गोदामाच्या तापाने मंदावलेला असतो. तो पेटतो, पण दारूला हवी तशी आग देत नाही. तेवढ्यात नेम हलतो हा त्रास किरकोळच. 'वाजलं नाही' म्हणून घाईने बोल्ट (रायफलची मागची खिट्टी) उघडला आणि राउंड बाहेर येताना फुटला, तर तोंडावर पितळ येतं. केदारला मी आधीच बजावलं होतं: नुसतं टक् झालं तर नळी लक्ष्याकडेच, बोल्टला हात नाही, निदान तीस सेकंद. त्याने ते पाळलं, एवढं समाधान.

वेग मोजायचं यंत्र त्याच्याकडे होतं. सगळ्यात सुस्त आणि सगळ्यात चपळ राउंडमध्ये सेकंदाला दोनशे फुटांहून जास्त फरक. आमच्या टेबलावर असा लॉट आला असता तर चहा यायच्या आत बाद झाला असता.

जुन्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून बॅरलमध्ये क्षार उरतो, आणि तो हवेतलं पाणी ओढतो. तेलाने क्षार विरघळत नाही. आधी उकळतं पाणी ओतायचं, नळी कोरडी करायची, मगच तेल. तिकडची पोरं महागडी द्रावणं विकत घेतात. जुन्या फौजेत किटली आणि फनेलवर भागायचं.

पाचपैकी दोन तारे. एक बँडोलियरला, एक क्लिपांना. दोन्ही अस्सल आहेत आणि क्लिपा तर नव्या मालासोबतही वापरता येतील. काडतुसांना शून्य. सर्बियातल्या प्र्वी पार्टिझान कंपनीचा नव्या काडतुसांचा डबा केदारला यापेक्षा थोडाच महाग पडतो. त्यात तीच १७४ ग्रेनची गोळी, कॅप गंज न आणणारी आणि केस पुन्हा भरता येते. या जुन्या केसमध्ये कॅपखाली बर्डन नावाच्या पद्धतीची दोन बारीक भोकं, साध्या हत्याराने कॅप निघत नाही.

उरलेला माल कचऱ्यात टाकायचा नाही म्हणून त्याने रेंजच्या अधिकाऱ्याकडे दिला. दुकानदाराने पैसे परत करायला नकार दिला आणि पुढच्या 'सीलबंद' डब्यावर सवलत देऊ केली. केदार म्हणतो घेणार नाही. बघू.