झाकली मूठ सव्वा लाखाची : जुना जुनो घेताना मी कसा फसलो

सा रे ग म वाजले आणि पंचम वाजलाच नाही. धैवत फाटका आला, निषाद आणि वरचा सा ठणठणीत. वाटलं, त्या एका पट्टीखाली कचरा गेला असेल. जुनं वाद्य, व्हायचंच. पुन्हा खालच्या सा पासून सुरू केलं. या वेळी पंचम खणखणीत वाजला आणि गंधार गायब! रात्रीचे साडेअकरा झाले होते. मुंबईहून पुण्यात परतून मला तासही झाला नव्हता. सव्वा लाख मोजून, गोधडीत गुंडाळून आणलेला रोलँड जुनो-१०६ हा जुना सिंथेसायझर (विजेवर सूर घडवणारा कीबोर्ड) पलंगावर आडवा पडला होता आणि दर फेरीला वेगळाच सूर गिळत होता.

मी इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. पोटापाण्याला शॉर्ट फिल्मचं पार्श्वसंगीत आणि गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या जिवंत देखाव्यांचं ध्वनिमुद्रण. स्टुडिओ म्हणजे आठ बाय दहाची खोली, लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, दोन मॉनिटर स्पीकर, लॅपटॉपला जोडायचा एक मिडी कीबोर्ड, कोर्ग कंपनीचे दोन छोटे सिंथ आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे. (ट्रेंनी आवाज फारसा अडत नाही. शेजारच्या काकूंना विचारा.) जुनोची सॉफ्टवेअर नक्कल माझ्या लॅपटॉपवर होतीच आणि खरं सांगायचं तर ऐकणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना फरक कळणार नाही. पण स्लायडर बोटानं वर सरकवताना फिल्टर, म्हणजे आवाजाची चाळणी, उघडत जातो, ते सुख माउसला नाही. तीन गणपतींची कमाई बाजूला ठेवली होती.

जाहिरातीत फोटो सुरेख होते. मोरपंखी पडद्यासमोर जुनो, लाकडी स्टँडवर, एकही पट्टी पिवळी पडलेली नाही. सोबत चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. आवाज असा की पोटात खड्डा पडावा. मागितले होते एक लाख चाळीस, सव्वावर तुटलं. पंचवीस हजार आगाऊ यूपीआयनं पाठवले, उरलेले लाख रोख द्यायचे ठरले. "बँकेचं लफडं नको सर, आयकरवाले विचारत बसतात." हेही मला पटलं. पटवून घ्यायचंच असलं की काय पटत नाही?

लष्करात आहे असं सांगून क्यूआर कोड पाठवणारे, "हा स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील" म्हणणारे ठग मला चांगले ठाऊक आहेत. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हे मी घरातल्या सगळ्या ज्येष्ठांना शिकवलंय. त्यामुळे माझा हिशेब सोपा होता : समक्ष जायचं, वाजवून बघायचं, मगच पैसे द्यायचे. असा माणूस फसेल कसा?

घर पश्चिम उपनगरात, चौथ्या मजल्यावर. माणूस तिशीचा, नम्र, "सर, सर" करणारा. आधी कोकम सरबत आलं. मग त्यानं स्वतःहून सांगितलं, "दोन गोष्टी आधीच बोलतो, नंतर तक्रार नको. आतली बॅटरी संपलीय, त्यामुळे मेमरीतले पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, उडालेत. आणि रेझोनन्सचा स्लायडर खरखरतो." दोन्ही खरं होतं. जुनोत १२८ आवाज साठवता येतात, पण ती आठवण एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर असते. बॅटरी गेली की आठवण गेली. तीनशे रुपयांचं काम. मनात म्हटलं, माणूस सच्चा दिसतोय. आज वाटतं, त्या दोन कबुल्या म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं.

मग इतिहास सुरू झाला. हा पीस म्हणे एका नामांकित अरेंजरकडचा, ब्याऐंशी सालच्या डिस्को रेकॉर्डिंगना वाजलेला. आता इथे माझा कान टवकारायला हवा होता. जुनो-१०६ बाजारात आला १९८४ साली. १९८२ मध्ये वादक चरणजित सिंग यांनी मुंबईत रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवलं, ते ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या रोलँडच्याच यंत्रांवर. १०६ तेव्हा जन्मालाही आला नव्हता. ही माहिती मी चहाच्या टपरीवर मित्रांना किती वेळा ऐकवली असेल! त्या खोलीत मात्र मी मान डोलावली. मला तो जुनो हवा होता आणि सोबत ती गोष्टही हवी होती.

वाजवायला बसलो. आवाज दांडगा. मी एकबोटी बास वाजवला, भिंत हलली. तो म्हणाला, "आता कॉर्ड ऐका," आणि स्वतः पुढे वाकून एक बटण दाबलं. मी उजव्या हातानं तीन बोटांच्या कॉर्ड (तीन सूर एकदम) वाजवल्या, डाव्या हातानं स्लायडर सरकवत राहिलो. कोरस, म्हणजे आवाज जाड आणि गोड करणारी सोय, चालू होता, सगळं मधात बुडवल्यासारखं. दहा मिनिटं झाली नसतील तोच आतून कुणीतरी हाक मारली. तो ओशाळून म्हणाला, "सर, बाजूला बाळ झोपलंय, आवाज जरा..." मी लगेच बंद केलं. आपण सभ्य माणसं ना!

यात हातचलाखी कुठे होती, हे कळायला जुनो आतून कसा गातो ते माहीत हवं. त्यात सहा व्हॉइस असतात, म्हणजे एका वेळी सहा सूर. प्रत्येक व्हॉइसला आपापला ऑसिलेटर, म्हणजे मूळ सूर काढणारा भाग, आपापला फिल्टर. पॉली-१ हे बटण दाबलेलं असलं की प्रत्येक नवा सूर रांगेतल्या पुढच्या व्हॉइसकडे जातो : एक, दोन, तीन करत सहापर्यंत, मग पुन्हा एक. पॉली-२ वर तसं नाही, तिथे दर वेळी भरती पहिल्यापासून होते. आणि दोन्ही बटणं एकदम दाबली की सहाही व्हॉइस मिळून एकच सूर लावतात, त्याला युनिसन म्हणतात. आता हिशेब करा. माझा एकबोटी बास युनिसनवर होता. सहांतले दोन बिघडलेले असले तरी चार जण गातच होते, समूहगानात कोण गप्प आहे ते कळत नाही. आणि तीन बोटांच्या कॉर्ड होत्या पॉली-२ वर. पहिले तीन व्हॉइस काम करून मोकळे, पाचव्या-सहाव्याची पाळीच आली नाही. पॉली-१ मी दाबलंच नाही. घरी आल्यावर दाबलं, पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजूला, एका जिन्याखाली बसणाऱ्या काकांकडे घेऊन गेलो. ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांनी की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरलं आणि तसंच वाद्य चालू केलं. हा कंपनीनंच ठेवलेला चाचणीचा रस्ता. आता पट्टी दाबली की तो सूर कोणत्या व्हॉइसवर गेला त्याचा आकडा डिस्प्लेवर दिसतो. काका एकच पट्टी दाबत राहिले. एक, आवाज. दोन, आवाज. तीन, चार. पाच आला आणि शांतता. सहा आला आणि जिलबी तळताना होते तशी चर्रचर्र. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरा, सहा गळे आहेत याला. एक पार बसलाय, दुसऱ्याला घसा धरलाय."

मागचे स्क्रू काढताना ते थांबले. प्रत्येक स्क्रूचं डोकं झिजलेलं, म्हणजे वाद्य अलीकडे उघडलं गेलं होतं. आत पाटीवर (सर्किट बोर्डवर) काळ्या वड्यांसारखे सहा मोड्यूल ओळीनं उभे होते. नाव ८००१७ए. एकेका व्हॉइसचा फिल्टर आणि आवाज कमीजास्त करणारा भाग त्या वडीत असतो. वरून काळ्या रेझिनचा लेप. हा लेपच जुनो-१०६ चा शाप आहे : वर्षं जातात तसा तो आतल्या भागांमध्ये वीज झिरपू देतो आणि गळा बसतो. जगभरच्या १०६ वाल्यांचं हे दुखणं आहे आणि उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. मोड्यूल काढायचे, अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायचे, लेप मऊ झाला की हलक्या हातानं खरवडायचा. पुष्कळदा जीव येतो, कधी येत नाही. मग नव्यानं बनवलेले पर्यायी मोड्यूल परदेशातून मागवायचे.

काकांनी टॉर्च धरला. पहिल्या चार मोड्यूलच्या पायांवरचं सोल्डर जुनं, मळकट. पाचव्या-सहाव्याचं ताजं, चकचकीत, भोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर करताना लावतात त्या राळेचा, चिकट पिवळा थर. आणि शेजारी चॅसीला लावलेला मास्किंग टेपचा तुकडा, त्यावर निळ्या बॉलपेननं कुणा मेकॅनिकनं लिहिलेलं : ५, ६ आणि पुढे फुली.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. कुणाकडून तरी तपासून घेतलं होतं, खर्च ऐकला होता आणि मग जाहिरात टाकली होती. त्या टेपकडे बघताना मला जेवढा राग आला, तेवढा पैसे गेल्याचा आला नव्हता.

फोन केला. आवाज तसाच मऊ. "सर, तुम्ही स्वतः वाजवून नेलंत ना? गाडीत हिसके बसले असतील." मी टेपचा फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी त्याचा डीपी दिसेनासा झाला. जुने मेसेज उघडायला गेलो तर चॅट कोरं. पहिल्याच दिवशी त्यानं चोवीस तासांत पुसले जाणारे मेसेज चालू केले होते आणि मी म्हटलं होतं, वा, माणूस प्रायव्हसी जपणारा दिसतो. जाहिरातही उडालेली. माझ्या हातात उरलं काय, तर पंचवीस हजारांची यूपीआयची नोंद आणि एक मोबाइल नंबर. लाखाच्या रोखीची चिठ्ठीसुद्धा नाही.

चौकीत हवालदार वाईट वागले नाहीत, पण त्यांचा प्रश्न बिनतोड होता : "पैसे दिले, वस्तू मिळाली, तुम्ही वाजवून बघितली. मग फसवणूक कुठंय?" १९३० या सायबर हेल्पलाइनलाही फोन केला. तिथे ऑनलाइन गेलेल्या पैशांचं बघतात, माझा लाख तर मी स्वतःच्या हातानं मोजून दिला होता. वकील मैत्रीण म्हणाली, आता चारशेवीस नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पण विकतानाच त्याला दोष ठाऊक होता हे दाखवावं लागेल. टेपचा तुकडा दाखवला तर समोरचा म्हणणार, हा तुम्हीच चिकटवला. ग्राहक आयोगात जायचं तर समोर व्यापारी हवा, घरातली जुनी वस्तू एकदा विकणारा तिथे बसत नाही. तक्रार अर्ज दिलाय. पोच घरी फाइलमध्ये आहे.

जुनोच नव्हे, त्या काळातला कुठलाही ॲनालॉग पॉलीसिंथ (एका वेळी अनेक सूर वाजवणारा सिंथ) घ्यायला जाणार असाल तर माझं ऐका. कोरस बंद करा. मधात बुडवलेलं काहीही गोडच लागतं. पॉली-१ लावा, रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर रेंगाळण्याचा वेळ) शून्यावर आणा आणि एकच पट्टी सावकाश बारा वेळा दाबा. बाराही वेळा तोच सूर, तेवढाच मोठा, तसाच आला पाहिजे. मग पंधरा-वीस मिनिटं यंत्र तापू द्या आणि पुन्हा बारा वेळा, कारण काही गळे गरम झाल्यावरच बसतात. बाळ झोपलेलं असेल तर हेडफोन लावा, घरून घेऊन जा. बटणं तुम्ही दाबा, विकणाऱ्याला सरबताचा पेला धरू द्या. मागचं लेबल वाचा. माझ्या जुनोवर १०० व्होल्ट लिहिलंय, जपानी बाजारातला माल. आपल्याकडच्या २३० वर तो तसा लावला तर संपलाच. विकणाऱ्यानं सोबत दिलेला बिनानावाचा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) ११० देतो, असं काकांच्या मीटरनं सांगितलं. तोही बदलावा लागला. आतले फोटो आधी मागवा, खूप जुनं वाद्य असेल तर हे मागण्यात उद्धटपणा काही नाही. पैसे खात्यातून द्या आणि साध्या कागदावर सीरियल नंबर, रक्कम, "सहाही व्हॉइस चालू" एवढं लिहून सही घ्या. सही करताना हात कचरला तर तिथूनच उठा.

काकांनी दोन्ही मोड्यूल लोणच्याच्या बरणीत अॅसिटोनमध्ये ठेवले. तिसऱ्या दिवशी पाचवा बोलायला लागला. सहावा काही उठला नाही, त्याचा पर्याय मागवलाय. तोवर मी पाच गळ्यांवर काम भागवतो. दर सहावा सूर कुठे पडणार हे आता बोटांना कळतं, मी त्या जागी विश्राम घेतो. यंदाच्या एका देखाव्याच्या संगीतात तो विश्राम तसाच राहिलाय आणि मंडळाच्या अध्यक्षांना तो फार आवडला.

गेल्या आठवड्यात नवी जाहिरात दिसली. कोर्ग पॉलीसिक्स, १९८१ चं मॉडेल, "फुल वर्किंग". या पॉलीसिक्सच्या आत निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, ती गळते आणि खालच्या पाटीवरचे तांब्याचे रस्ते खाऊन टाकते. दुसऱ्या नंबरवरून मेसेज टाकला : "नमस्कार, बॅटरीखालच्या पाटीचा फोटो मिळेल का?" पाच मिनिटांत मी तिथूनही ब्लॉक. जाहिरात मित्राच्या फोनवर अजून दिसते. पडदा तोच आहे, मोरपंखी.