सहा शनिवार, सात कुत्री आणि माझी मिरी

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या लडलोजवळच्या एका शेतावर, नवशिक्यांसाठीच्या गनडॉग (शिकारीत पक्षी शोधणारी, आणून देणारी कुत्री) वर्गाला मी सहा शनिवार गेले. नव्वद पौंड. हल्ली इथले ओळखीचे मराठी लोक विचारतात, ‘वर्ग कसा आहे?’ आणि लगेच पुढचं, ‘कुत्रा कुठला घेऊ?’ दरवेळी फोनवर तासभर जातो, म्हणून एकदाचं लिहून टाकते. वर्गाचं नाव देत नाही. पुढे तक्रार आहे, आणि शिकवणाऱ्या बाई मनाच्या चांगल्या आहेत.

मी मूळची सांगलीची, पेशानं फिजिओथेरपिस्ट. बंदुकीला आजवर हात लावलेला नाही. श्रॉपशरमध्ये राहायला आल्यावर शेजारच्या शेतकऱ्यानं एका नोव्हेंबरात विचारलं, हाकाऱ्याला माणसं कमी पडतायत, येतेस का? गेले. हातात काठी, पायात गमबूट, ओळीनं रान झोडपत जायचं आणि बंदूकवाल्यांसाठी फेझंट (कोंबडीएवढे रानपक्षी) उठवायचे. फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, म्हणजे थंडी आणि चिखल दोन्ही भरपूर. त्या ओळीतले स्पॅनियल कुत्रे काटेरी जाळीत डोकं खुपसून शेपटी गरागरा फिरवत आत शिरायचे, ते बघून मी खुळावले. घर लहान, गाडी लहान, म्हणून कुत्रीही लहान घेतली: काळी वर्किंग कॉकर (कामासाठी पैदास केलेली, स्पॅनियलमधली छोटी जात), नाव मिरी. बारा किलोंच्या जिवाला सांभाळायला काय लागतं, असं तेव्हा वाटलं होतं.

वर्गात कुत्री सात. चार लॅब्राडोर, एक स्प्रिंगर (मिरीहून मोठा स्पॅनियल), एक विझ्ला आणि मिरी. पहिल्या शनिवारी चाळीस मिनिटं बाईंनी डमी (पक्ष्याऐवजी फेकायची वस्तू) पिशवीतून बाहेरच काढली नाही. कुत्र्याला बसवा, त्याच्याभोवती चक्कर मारा, परत या. मग ती हिरव्या कॅनव्हासची पौंडभर वजनाची वळकटी एकदाची हवेत उडाली. रोज माणसांचे गुडघे बघणारी मी, नजर आपसूक पायांवर गेली. शेजारच्या पिवळ्या लॅबनं वजन पुढच्या पंजांवर घेतलं, खांदे थरथरले, कान उभे राहिले, पण बूड जमिनीवरून हललं नाही. आणि मिरी? तिनं वजन घेतलं कधी आणि सोडलं कधी, मला कळलंच नाही. डमी जमिनीवर पडायच्या आत दोरी माझ्या तळव्यातून सालटं काढत निघून गेली होती.

निवडीबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं इथंच आहे. लॅबचं काम तुमच्या पायाशी बसून सुरू होतं. पक्षी पडलेला बघायचा, थांबायचं, सांगितलं की जायचं, आणून हातात द्यायचं. त्याची चूक होते ती तुमच्या गुडघ्याजवळ, दिसते, हातानं सावरता येते. स्पॅनियलचं काम सुरू होतं तुमच्यापासून लांब जाऊन. त्याची चूक होते पंधरा पावलांवर, जाळीच्या आत, आणि तुम्हाला कळते ती फेझंट उडून कुत्रं त्याच्यामागे पुढच्या शेतात पोचल्यावर. नवशिक्या माणसाला विचार करायला दोन सेकंद लागतात. लॅब ती देतो. कॉकर अर्धा सेकंद देते, तोही उपकार केल्यासारखा.

बाईंची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे दहा डमी टाकल्या तर आठ त्या स्वतः चालत जाऊन उचलायच्या. कुत्री नुसती बघत बसायची. प्रत्येक वेळी धावायला मिळणार नाही, हे कुत्र्याच्या डोक्यात बसवायचा याहून सोपा उपाय मी पाहिला नाही. शिट्टीवर थांबायची सवयही त्यांनी जेवणाच्या भांड्यापासून लावायला सांगितली: एक लांब शिट्टी, बूड खाली, मगच भांडं खाली. रोज दोनदा आपोआप सराव होतो.

आता तक्रार. जाहिरातीत ‘सर्व गनडॉग जातींसाठी’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात पाच शनिवार लॅबचाच अभ्यासक्रम: पायाशी चालणं, बसणं, वाट बघणं. रान हुंगत शोधणं, जे स्पॅनियलचं मूळ काम, त्याला सहाव्या शनिवारची शेवटची पंधरा मिनिटं मिळाली. चौथ्या आठवड्यापर्यंत मिरी माझ्या पोटरीला चिकटून, जमिनीऐवजी माझ्या तोंडाकडे बघत चालायला लागली. सगळे म्हणाले, वा, किती शहाणी! गावातल्या एका निवृत्त गेमकीपर (शिकारीचे पक्षी आणि रान सांभाळणारा) आजोबांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. पायाशी चालवणं काही दिवस बंद करायला लावलं. वारा तोंडावर घ्यायचा, गवतात टेनिसचा चेंडू लपवायचा, आणि तिला डावी-उजवी, डावी-उजवी, वीस पावलांच्या आत नागमोडी फिरवायचं. तिचं नाक परत जमिनीला लागायला अख्खा उन्हाळा गेला.

विझ्लाच्या मालकाचे हाल वेगळेच. हंगेरीची ही जात शोधते, पक्ष्याचा वास लागला की पुतळ्यासारखी थांबून दाखवते आणि आणूनही देते. तीन कामं एकाच कुत्र्यात, म्हणजे शिकवणंही तिप्पट. शिवाय तिला मोकळं माळरान लागतं. आमच्याकडे दर शंभर पावलांवर कुंपण. तो नऊ महिन्यांचा पोरगा दुसऱ्याची डमी उडाली की हुंदके दिल्यासारखा रडायचा. तिसऱ्या शनिवारनंतर ते दोघं आलेच नाहीत.

एक घरगुती फजिती सांगते. मिरीला मी आधी ‘बस’ शिकवलं होतं. उन्हाळ्यात आई सांगलीहून आली. जेवताना आई म्हणायची, ‘अजून अर्धी पोळी घे’, मी म्हणायची, ‘बस, बस’, आणि टेबलाखाली मिरी धपकन बसायची. आठवड्याभरात तिला कळलं की या शब्दाला काही अर्थ नाही. मग स्पॅनियलवाले इथे वापरतात तो ‘हप’ घेतला. पहिल्यांदा परसात ओरडले तेव्हा आई खिडकीतून म्हणाली, ‘अगं, मारुतीला बोलावतेस की कुत्रीला?’

लॅब घेणार असाल तर वर्किंग वंशाचा घ्या, शोचा नको. शोचा अंगानं जड, डोक्यानं रुंद. दिसतो छान, पण दिवसभर चिखलात पळायला हलका कुत्रा बरा. आईबापांचे हिप स्कोअर विचारा. दोन्ही खुब्यांची बेरीज शून्य ते १०६, जितकी कमी तितकी चांगली. ज्या खुब्यांवर माझं पोट चालतं त्यांच्याबाबत मी भीड ठेवत नाही. कोपराचा निकालही बघा, तो शून्यच हवा. कॉकर असेल तर मूत्रपिंडाच्या आनुवंशिक आजाराची डीएनए तपासणी. वंशावळीत फील्ड ट्रायल (रानातल्या कामाच्या स्पर्धा) चॅम्पियनांची नावं लाल अक्षरांत असतात. मला वाटायचं, जितकं लाल तितकं उत्तम. मिरीच्या कागदावर लालेलाल होतं. ती गाडी शर्यतीची होती, आणि मी नुकतीच क्लच सोडायला शिकत होते.

तेव्हा वर्गाला गुण: लॅब असेल तर पाचपैकी साडेचार. स्पॅनियल असेल तर तीन, आणि पहिल्याच दिवशी बाईंना विचारा की शोधायला कधी शिकवणार. विझ्ला असेल तर पैसे वाचवा.

मिरी गेल्या हंगामात हाकाऱ्यात पाच दिवस चालली. दोनदा पळाली, तीनदा नाही. येत्या वसंतात लॅबच्या एका पिल्लासाठी नाव नोंदवलंय. मिरीची शिट्टी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅक्मेची, २१०.५ क्रमांकाची. सूर ठरलेला असल्यामुळे हरवली तरी त्याच क्रमांकाची दुसरी तशीच वाजते, आणि मी आतापर्यंत दोन हरवल्यात. लॅबसाठी २११.५ घेऊन ठेवली. लाल दोरी मिरीची, पिवळी नव्या बाळाची. सध्या दोन्ही गळ्यात घालून स्वयंपाकघरात सराव चाललाय, आणि मी अजूनही पिवळी म्हणून लालच तोंडात धरते.