भुसावळ, जामनेर रोडकडचा गणित अन् हार्मोनियम-तबल्याचा घरगुती क्लास : गाण्यासाठी डोळे झाकून जा, अभ्यासाचं मात्र बघून

खाली मॅडम गणित-इंग्रजी घेतात अन् वरच्या मजल्यावर सर हार्मोनियम, गाणं, तबला शिकवतात. आमच्या घरातून दोघं जातात, सातवीतली पोरगी आणि रेल्वेतून रिटायर झालेले सासरे, म्हणून दोन्ही बाजूंचं लिहिते.

आधी गाण्याचं. सासऱ्यांना भजनाला पेटीची साथ करता यावी एवढंच पाहिजे होतं, सरांनी पहिल्यांदा त्यांना नुसतं सा लावून त्यांची पट्टी, म्हणजे आवाज सहज लागतो तो सूर, शोधली, मग सांगितलं बाबा तुमचा आवाज काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) आहे, मंडळातल्या बायका काळी चारच्या पुढे गातात, तर तुम्हाला दोन्ही पट्ट्यांत बोटं फिरवता आली पाहिजेत. मग सुरू झाले अलंकार. सासरे वैतागले, म्हणे किती दिवस सारेग रेगम करायचं, पण सर काही हलले नाहीत, बोट वाकडं पडलं की परत पहिल्यापासून, आणि भाता जोरात ओढला की लगेच टोकतात, आवाज दणका देऊन येतो म्हणून. आता बाबा भूप राग वाजवतात, पाचच स्वर आहेत पण ऐकायला बरं वाटतं, आणि अभंगामागे धरायला जमायला लागलं.

मोठ्यांच्या बॅचमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फी महिन्यावर नाही, आठ तासांवर आहे. भुसावळात निम्मी माणसं रनिंग ड्युटीवर, गाडी कधी लागेल त्यांनाच माहीत नसतं, दुसरीकडे दांडी पडली की फी गेली, इथं आठ तास भरेपर्यंत महिना धरत नाहीत. लोको पायलट लोक टिकलेत ते याच्यामुळेच.

तबल्याचं जास्त माहीत नाही, शेजारचा मुलगा जातो. उन्हाळ्यात आपल्याकडे ४४-४५ गेलं की पान तापून तबला चढतो, पावसाळ्यात उतरतो, तर सर पोरांकडूनच हातोडीनं लावून घेतात, मोबाईलवरच्या तानपुऱ्याला मिळवायला लावतात. तीनतालाच्या सोळा मात्रा आधी हातावर टाळी-खाली देऊन म्हणायच्या, मगच तबल्याला हात.

एक मात्र आहे, परीक्षेची घाई असेल तर इथं जाऊ नका. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा वर्षातून दोनदा होतात पण प्रारंभिकचा, म्हणजे अगदी पहिल्या परीक्षेचा, फॉर्मसुद्धा सर तयारी झाल्याशिवाय भरू देत नाहीत. या परीक्षांमुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव मार्कांवर डोळा ठेवून येणारे पालक इथून चिडून जातात. मला त्यात सरांचंच बरोबर वाटतं, पण पोरगं आठवीत असेल तर हिशोब करूनच या.

आता खालचा मजला. मॅडम प्रामाणिक आहेत. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या ताई, हिचे अपूर्णांक चुकतात ते छेदाच्या भानगडीमुळे नाही, पाढेच कच्चे आहेत, आधी एकोणतीसपर्यंत पक्के करू. (सासरे खूश, त्यांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, अजून पाठ आहे अन् ते घरभर ऐकवून राह्यले.) ऋण संख्या संख्यारेषेवर चालवून शिकवल्या, पोरगी आता कंस सोडवताना चिन्ह खात नाही.

पण बॅच मोठी झालीय. सेमीची अन् मराठी मीडियमची पोरं एकत्र बसतात, वर्कशीट सगळं इंग्रजीत, मग मराठीवाली पोरं शेजाऱ्याच्या वहीत बघतात. इंग्रजीत ग्रामर भरपूर, बोलायला काहीच लावत नाहीत. शिवाय वर तबल्याची बॅच असली की खाली धा धिं धिं धा ऐकू येतं, घटक चाचणीच्या दिवसांत ते जड जातं. विज्ञान नाहीच, त्यामुळे नववी-दहावीला दुसरा क्लास लावावाच लागेल, काही पोरं तर त्यासाठी जळगावला अप-डाऊन करतात.

फी अभ्यासाची महिना ९००, गाण्याची आठ तासांची ७००. पहिला तास फुकट बसू देतात, दोन्हीकडे. पेटी लगेच घेऊ नका, सर स्वतःच सांगतात आधी क्लासच्या पेटीवर बसा, नंतर सेकंडहँड बघून देईन. गाडी लावायला जागा नाही, गल्लीच्या तोंडाशीच लावा. अन् एप्रिल-मे मध्ये दुपारची बॅच सकाळी सातला घेतात, फोन करूनच जा.