जुन्या टीव्हीतलं पाच वायरींचं पॉवर मॉड्यूल: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

पिक्चर ट्यूबच्या २१ इंची टीव्हीची पॉवर सप्लाय गेली आणि मूळचा आयसी कुठे मिळेना, की बाजारात मिळणारं पाच वायरींचं युनिव्हर्सल मॉड्यूल बसवतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे असे सेट अजून घराघरांत आहेत, वर फ्री डिशचा बॉक्स एव्ही वायरने जोडलेला. वळवापासून दसऱ्यापर्यंत रोज चार-पाच तास चालवल्यानंतर मत असं झालंय: मॉड्यूल चांगलं आहे, पण सेट ज्या कारणाने मेला ते कारण त्याने जात नाही. ते शोधायच्या आधीच मॉड्यूल बसवलं तर तेही मूळ आयसीच्याच वाटेने जातं.

म्हणून आधी तपासणी. प्लग काढल्यावरही मुख्य कॅपॅसिटरमध्ये (१०० ते २२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट) ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. सप्लाय बंद पडलेल्या सेटमध्ये तर हमखास राहतो, कारण तो खाणारं कोणी नसतं. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. होल्डरला वायरी लावलेला १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा (फिलामेंटचा) बल्ब टोकांना धरा आणि मीटरने शून्य बघा. मापताना प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या आधीच्या, मेनला जोडलेल्या) बाजूला मीटरची काळी पिन हॉट ग्राउंडवर, म्हणजे त्याच कॅपॅसिटरच्या मायनसवर. चुकून ट्यूनरच्या पत्र्यावर ठेवली तर रीडिंग खोटं येतं आणि चांगला भाग बदलला जातो.

फ्यूज काच काळी होऊन उडाला असेल तर पुढे शॉर्ट आहे: ब्रिजचा (एसीचा डीसी करणाऱ्या भागाचा) डायोड, चॉपर म्हणजे सप्लाय स्विच करणारा ट्रान्झिस्टर, किंवा डीगॉसिंगचा (ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) पॉझिस्टर. काच स्वच्छ आणि तार नुसती तुटलेली असेल तर वयामुळे किंवा झटक्याने गेला असण्याची शक्यता जास्त. पॉझिस्टरचा संशय फेडायला डीगॉसिंग कॉइलचा प्लग आणि पॉझिस्टर दोन्ही काढून ठेवा. सेट त्याशिवाय चालतो, फक्त रंगाचे डाग राहतात. मग फ्यूजच्या जागी १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये. भप्पकन पेटून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजेडाने पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आहे.

शॉर्ट नाही, मुख्य कॅपॅसिटरवर ३२० च्या आसपास व्होल्ट आहेत, तरी सेट मेलेलाच: मग स्टार्टअप रेझिस्टर बघा. १०० किलोओहमच्या वरचे हे रेझिस्टर वरून अगदी नवे दिसतात आणि आतून ओपन झालेले असतात. एक पाय सोडवून मोजा. त्याखालोखाल प्रायमरीतले छोटे कॅपॅसिटर, १०, २२, ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे. हीटसिंकला चिकटून बसलेले असतात, वर्षानुवर्षं भाजून सुकतात. हे कॅपॅसिटर सुकले की काही चॅसिसमध्ये (सेटच्या मुख्य बोर्डांत) सप्लाय सुरू होत नाही, काहींमध्ये उलट बी प्लस, म्हणजे सप्लायमधून निघणारा मुख्य डीसी व्होल्टेज, वर चढतो आणि लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर (डी १५५५ किंवा तसला) घेऊन जातो. १०५ डिग्रीचेच घाला, ८५ चे नको. मॉड्यूल आणायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांचं काम खरं तर या दहा-वीस रुपयांच्या कॅपॅसिटरवरच होतं.

सप्लाय टिक-टिक करत असेल तर दोष बहुधा सेकंडरीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरनंतरच्या बाजूला. एलओटीकडे (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा) जाणारा बी प्लसचा जंपर सोडवा आणि बी प्लस ते कोल्ड ग्राउंड (सेकंडरीचा ग्राउंड) ६० वॅटचा, २३० व्होल्टचाच बल्ब लावा. टिक-टिक थांबून बल्ब मंद पेटला तर लाइन ट्रान्झिस्टर किंवा एलओटी शॉर्ट. थांबली नाही तर बी प्लसचा डायोड किंवा १०० मायक्रोफॅरड १६० व्होल्टचा कॅपॅसिटर. काही सेटमध्ये बी प्लसवर आर २ एम हा साधारण १५० व्होल्टचा संरक्षक डायोड असतो. व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा सेट वाचवतो. तो कापून सेट चालू करून देणारे महाभाग आहेत; असा सेट दुसऱ्यांदा येतो तेव्हा दुरुस्तीच्या पलीकडे असतो.

आता बसवणं. जुना चॉपर आणि त्याला ड्राइव्ह देणारे भाग काढायचे. ब्रिज, मुख्य कॅपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर आणि सगळी सेकंडरी तशीच. पाच वायरी म्हणजे ३०० व्होल्टचा प्लस, मायनस, ट्रान्सफॉर्मरला जाणारी चॉपरची वायर, बी प्लसवरून व्होल्टेज ओळखणारी आणि कोल्ड ग्राउंड. रंग उत्पादकागणिक बदलतात, पाकिटातला कागद बघूनच जोडा. वायरी आखूड ठेवा आणि एलओटीपासून लांब न्या. हीटसिंकला लावताना अभ्रकाचा पत्रा आणि पेस्ट, नंतर मीटरने इन्सुलेशन तपासणं. पहिली सुरुवात सिरीज बल्बवर आणि एलओटी तोडलेला ठेवूनच. बी प्लसला डमी बल्ब लावून प्रिसेटने (मॉड्यूलवरच्या फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने) बोर्डावर छापलेलं व्होल्टेज सेट करा; १४ आणि २१ इंचीला ते बहुतेक ११० ते ११५ असतं. कमी ठेवलं तर चित्र बाजूंनी आत येतं. जास्त ठेवलं तर चित्र झकास दिसतं आणि ट्रान्झिस्टर लवकर जातो.

एवढ्या महिन्यांत काय दिसलं? संध्याकाळी लाइन १६०-१७० वर उतरते तेव्हाही बी प्लस हलत नाही, चित्र आकसत नाही. इथे मॉड्यूलला पूर्ण मार्क. हीटसिंकचा ताप मूळ सप्लायइतकाच. तक्रार प्रिसेटची: जांबोटी-कणकुंबीकडच्या ओल्या हवेत स्वस्त प्रिसेटची पकड बिघडते आणि बी प्लस दोन-तीन व्होल्टने वरखाली होतो. सेटिंग पक्कं झालं की प्रिसेट काढून मोजा आणि तेवढेच फिक्स रेझिस्टर घाला. नेलपॉलिशचा थेंब नुसती हालचाल थांबवतो, ओल नाही. मॉड्यूलचे सोल्डर जॉइंटही बसवण्याआधीच एकदा नव्याने तापवून घ्या, कारखान्याचं सोल्डर कंजूष असतं.

दुसरी अडचण स्टँडबायची. रिमोटने बंद केल्यावर सप्लाय खाली उतरवणाऱ्या चॅसिसमध्ये मॉड्यूलनंतर बी प्लस तसाच उभा राहतो. अशा सेटला रिमोटवर सोडू नका, मेन स्विचनेच बंद करा.

आपल्याकडे आणखी एक भाग घालावाच लागतो, जो मॉड्यूलसोबत येत नाही: फ्यूजच्या नंतर (सेटच्या बाजूला), लाइन-न्यूट्रलमध्ये १४ डी ४७१ व्हॅरिस्टर. हा ३०० व्होल्ट एसीपर्यंत शांत बसतो. न्यूट्रल तुटून ४०० च्या घरात व्होल्टेज आलं तर तो शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. मॉड्यूल बहुधा वाचतं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली असेल तर याचा काही उपयोग नाही. जवळ पडणाऱ्या विजेला तर तोही पुरा पडत नाही, म्हणून वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची केबलही काढायची.

२९ इंचीला मात्र हे साधं मॉड्यूल लावू नका. तिथे बी प्लस १३० च्या वर लागतो आणि लोडही जास्त असतो. त्यासाठी मोठ्या वॅटेजचं वेगळं मॉड्यूल मिळतं, तेच घ्या.