अडखळत सुरू होणाऱ्या शाईपेनासाठीचा दुरुस्ती संच: भिंग आणि पिचकारी उत्तम, सूचनापत्रक मात्र घातक

पेन कागदावर टेकवावे, पहिला फराटा कोरा जावा आणि दुसऱ्या-तिसऱ्या फराट्याला शाई उतरावी, ही खोड माझ्या तीन शाईपेनांना होती. शाई बदलून आणि पेन धुऊनही ती पुरती गेली नाही, तेव्हा मी दुरुस्तीचा एक छोटा संच मागवला. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, रबरी पिचकारी, धुण्याच्या द्रावणाची बाटली, ०.०५ मिलिमीटर जाडीचे पितळी पत्रे, फोमच्या गादीवर चिकटवलेला १२००० क्रमांकाचा मायक्रोमेश (अतिशय बारीक घासणीचे कापड) आणि १ मायक्रॉनची मायलरची पट्टी (घासणीचे कण लावलेली पातळ फिल्म) एवढे साहित्य त्यात आहे. दोन महिने तो सातत्याने वापरल्यावर हे लिहीत आहे.

संच उघडण्याआधी एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. पेन रात्रभर ठेवल्यानंतरच अडते, की चार ओळी लिहून दहा सेकंद थांबल्यावरही अडते? पहिल्या प्रकारात दोष बहुधा निबेत नसतो. टोपण हवाबंद नसल्यामुळे निबेतली शाई सुकून दाट होते, किंवा पेन निब वर करून उभे ठेवल्यामुळे शाई मागे उतरते. टोपण ओठांशी धरून हवा ओढून पाहिली की गळती लगेच कळते. पेन आडवे ठेवल्याने ज्याची तक्रार मिटेल, त्याला या संचाची गरजच नाही, आणि ही साधी बाब सूचनापत्रकात कुठेही नाही याचे मला वाईट वाटले.

संचातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे भिंग. शाईपेनात शाई केशाकर्षणाने खाली येते. फीडच्या, म्हणजे निबेखालच्या शाई आणणाऱ्या भागाच्या, बारीक खाचेतून ती निबेच्या चिरेत शिरते आणि चीर टोकाकडे निमुळती होत गेल्यामुळे थेट मण्यापर्यंत, म्हणजे कागदाला टेकणाऱ्या निबेच्या टोकापर्यंत, ओढली जाते. या वाटेवर कुठे अडथळा आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंगाखाली निब उजेडासमोर धरली की चिरेत प्रकाशाची बारीक रेघ दिसते का, चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत आहेत का आणि कागदाचा तंतू अडकला आहे का, हे स्पष्ट कळते. या भिंगाची काच कडेपर्यंत स्वच्छ आहे आणि प्रतिमेला रंगीत कडा येत नाहीत, त्यामुळे बारीक काम करताना डोळे शिणत नाहीत.

पिचकारीही तितकीच समाधानकारक आहे. तिचे तोंड निबेच्या मागच्या बाजूला, जिथे शाईचे काडतूस बसते तिथे, घट्ट बसते. कन्व्हर्टरने (शाई ओढून भरण्याच्या नळीने) पाणी आत-बाहेर करत ज्या कामाला अर्धा तास जातो, ते तिने दोन-तीन मिनिटांत होते. माझ्या पहिल्या पेनातून साध्या पाण्यानेच जुन्या शाईचा इतका गाळ निघाला की मी ते पेन आधीच स्वच्छ समजत होतो याचे आश्चर्य वाटले. धुऊन झाल्यावर निब शोषक कागदात गुंडाळून रात्रभर ठेवली आणि सकाळी शाई भरली. पेन पहिल्या फराट्यालाच चालले.

द्रावणाची गरज मला एकदाच पडली. वासावरून त्यात अमोनिया आहे हे कळते, पण लेबलवर घटकांचा उल्लेख नाही. अमोनियाने पितळ आणि ॲल्युमिनियम खराब होते, म्हणून हे लपवणे योग्य नाही. नऊ भाग पाणी, एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब एवढ्याने असेच द्रावण तयार होते. गरम पाणी आणि अल्कोहोल मात्र पेनाला लावू नये.

दुसऱ्या पेनाची चीर भिंगाखाली पूर्ण मिटलेली दिसली. पितळी पत्रा चिरेच्या वरच्या छिद्राजवळ आत सारून टोकाकडे हलक्या हाताने ओढला. तीन वेळा असे केल्यावर शाई मोकळी वाहू लागली. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे पोलादी निबेला ओरखडा पडण्याची भीती नाही. सोन्याच्या निबेवर मात्र फार जपून वापरावा. एकदा रुंदावलेली चीर पुन्हा घट्ट करणे फार कठीण असते, म्हणून दर वेळी लिहून पाहूनच पुढचा प्रयत्न करावा.

खरी कसोटी तिसऱ्या पेनाने पाहिली आणि संचाचा गंभीर दोषही तिथेच उघड झाला. त्याची चीर योग्य होती, फीड स्वच्छ होते, तरी प्रत्येक नव्या शब्दाचा आरंभ कोरा जाई आणि एकदा ओघ लागला की अक्षर अखंड उमटे. भिंगातून मणी समोरून पाहिल्यावर कारण समजले. अति पॉलिश केल्यामुळे चिरेच्या आतल्या दोन्ही कडा गोलावल्या होत्या, त्यामुळे शाई कागदापासून किंचित वरच थांबत होती. जोर दिल्यावर किंवा फराटा पुढे सरकल्यावरच ती कागदाला भिडे, आणि एकदा भिडली की तुटत नसे.

आता सूचनापत्रक काय सांगते ते पाहा. कोणतेही पेन अडत असेल तर सर्वांत आधी फोमच्या गादीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वीस-तीस फेरे घ्यावेत, असे त्यात छापले आहे. फोम दाबाखाली खचतो, मणी त्यात थोडा बुडतो आणि घासणी चिरेच्या कडांवरही वळते. म्हणजे जो दोष काढायचा, तोच या कृतीने वाढतो. पूर्वी एका चांगल्या निबेचे याच पद्धतीने कायमचे नुकसान माझ्या हातून झाले आहे आणि तिची हळहळ अजून गेलेली नाही, म्हणून मी हे आग्रहाने लिहीत आहे. गाळ साचलेल्या किंवा चीर मिटलेल्या पेनाला तर पॉलिशची गरजच नसते. मण्यावरचा धातू एकदा गेला की परत येत नाही, त्यामुळे घासणे हा शेवटचाच उपाय असायला हवा.

मी गादी बाजूला ठेवली, मायलरची पट्टी सपाट काचेवर पसरली आणि पेनात शाई असतानाच, लिहिताना पडतो तेवढ्याच भाराने पाच-सहा फेरे घेतले. मग मणी पुसला, भिंगातून पाहिला आणि दोन ओळी लिहिल्या. १ मायक्रॉनची पट्टी धातू फार सावकाश काढते, त्यामुळे या कामाला चार संध्याकाळी लागल्या. पण त्या संथपणामुळेच हातून चूक होण्याआधी थांबता आले. मण्याचा तळ चिरेपर्यंत सपाट झाल्यावर पेन स्पर्श होताच लिहू लागले. पूर्वीचा गुळगुळीतपणा थोडा कमी झाला आहे आणि कागदाची किंचित खरखर जाणवते. पहिले अक्षर पूर्ण उमटण्यासाठी मला ती आनंदाने मान्य आहे.

भिंग, पिचकारी आणि पितळी पत्रे यांसाठी हा संच मी नि:संकोच सुचवेन. सूचनापत्रक मात्र वाचू नये, आणि निर्मात्याने ते तातडीने बदलावे. माझ्या डबीतून फोमची गादी मी काढून टाकली आहे आणि तिच्या जागी काचेचा एक सपाट तुकडा ठेवला आहे.