कबरीची डागडुजी आणि पाटीकाम : छावणीतील एका पाथरवटाच्या दुकानाचा अनुभव

२ नोव्हेंबरला, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या मृत भाविकांच्या स्मरणदिनी, मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) आटोपल्यावर फादर दफनभूमीत कबरींवर पवित्र पाणी शिंपडत जातात, आणि तोपर्यंत आपल्या माणसाची कबर नीटनेटकी व्हावी यासाठी घरोघरी धडपड चाललेली असते. आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील एका पाथरवटाकडे आजी-आजोबांच्या कबरींची डागडुजी आणि एका नव्या पाटीचे काम सोपवले होते. कारागिरी उत्तम आहे. तक्रार आहे ती वेळेबद्दल.

आजोबांच्या संगमरवरी पाटीवर पावसाळ्यातील शेवाळ आणि वर्षानुवर्षांचे मेण साचले होते. ते ॲसिडने काढून द्यावे, असे आम्ही सुचवताच कारागिराने साफ नकार दिला, कारण ॲसिडने संगमरवर तेवढ्यापुरता उजळतो, पण त्याचा पृष्ठभाग खाल्ला जाऊन कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात. त्याने गार मेण लाकडी पट्टीने अलगद खरवडले, पाटी पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने घासली आणि मगच अक्षरांत काळा रंग भरला. भोवतीच्या खचलेल्या शहाबादी फरश्याही उचलून पुन्हा समपातळीत बसवल्या.

आजीची नवी पाटी काळ्या ग्रॅनाइटची आहे. मजकुराचा कच्चा नमुना आधी व्हॉट्सॲपवर येतो, तो डोळ्यांत तेल घालून वाचावा. आमच्या नमुन्यात ‘स्मृत्यर्थ’ या शब्दातील रफारच गळाला होता. लेझरने छायाचित्र कोरून घेण्याचा त्यांचा आग्रह मात्र आम्ही मानला नाही. नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि योहान ११:२५ हे बायबलमधील वचन एवढा मजकूर पुरेसा असतो, आणि पाटीचे वधूवर-सूचक मंडळाचे पत्रक करण्याचे कारण नाही! पाटीच्या पायथ्याशी त्यांनी काढून दिलेली छोटी दिवळी मात्र अतिशय उपयोगी ठरली, कारण नोव्हेंबरच्या संध्याकाळी उघड्यावरची मेणबत्ती वाऱ्यात टिकत नाही.

आता उणिवा. पाटी ठरल्या दिवशी आली नाही आणि ती बसवताना शेजारच्या कबरीवर उडालेले सिमेंट तसेच वाळू दिले गेले. ते आम्हालाच पुसावे लागले. कॅथलिक परंपरेत १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याला विशेष महत्त्व आहे, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी सारे संपत नाही. तरीही आशीर्वादाच्या वेळी कबरीशेजारी वाळूचा ढीग दिसणे बरे नव्हे.

दर वाजवी आहेत, पण पाटी प्रत्यक्ष बसल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते. २०२४ साली तर पाडवा नेमका २ नोव्हेंबरलाच होता, आणि सणाला गावी गेलेले कारागीर लवकर परतत नाहीत. म्हणून पाऊस ओसरताच, दसऱ्याच्या सुमारास, काम सांगून ठेवावे.