बोकडाची रंगवलेली कवटी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा भिंतीवर काढल्यानंतर

उस्मानाबादी बोकडाच्या दोन कवट्या फेब्रुवारीत तयार झाल्या. एक आमच्या सोलापूरच्या घरात लावली, दुसरी चिपळूणला आत्याकडे दिली. आता दिवाळी होऊन गेली आहे. दोन्हींचा रंग अजून लावला तसाच आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय मी साबणाच्या पाण्याला देतो. हाडातली चरबी पूर्ण निघाली नसेल तर वर कितीही महागडा रंग चढवा, ती कधी ना कधी वर येतेच.

तुलनेसाठी एक तयार रंगवलेली कवटी ऑनलाइन मागवली होती. मे महिन्यात तिच्या डोळ्यांच्या खोबणीभोवती आणि मागच्या जाड हाडावर पिवळे तेलकट डाग फुटले. तिथला रंग फुगला. पहिल्या पावसात खवट वासही सुटला. हे बहुधा उकळल्याचे परिणाम असावेत. उकळलं की चरबी वितळून हाडात खोल मुरते आणि हाडाला धरून ठेवणारं कोलॅजन विरघळून निघून जातं. काही जण कपड्यांचं ब्लीच वापरतात. त्याने हाड पांढरं दिसतं, पण आतून पोखरतं आणि पुढे खडूसारखं झडत राहतं.

म्हणून सुरुवात साध्या पाण्याने करावी. मात्र त्याआधी खाटिकाला दोन गोष्टी बजावून सांगायच्या: मुंडी भाजू नका आणि भेज्यासाठी फोडू नका. भाजलेलं हाड काळं पडतं, तडकतं. मुंडी सोलून, भेजा मानेकडच्या भोकातून तार फिरवून आणि पाण्याच्या धारेने काढून झाकणाच्या बादलीत बुडवून ठेवली. ऑक्टोबरचं ऊन या कामाला फार चांगलं, कारण मांस खाणारे जिवाणू 25 ते 30 अंशांत जोमाने काम करतात. पाणी बदलताना निम्मंच ओतायचं, म्हणजे जिवाणू टिकून राहतात. वास भयंकर येतो, त्यामुळे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. पाणी गाळल्याशिवाय फेकू नका. खालच्या जबड्याचे पुढचे आठ दात सुटून तळाशी बसतात. वरच्या जबड्याला पुढे दात नसतातच, तिथे शोधू नका.

यानंतर कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण. पाणी गढूळ झालं की बदलायचं, वर तवंग येणं थांबेपर्यंत. मला अडीच महिने लागले. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, पण हाच टप्पा सगळ्यात मोलाचा आहे. हाड वाळवून उन्हात धरलं की कळतं: चरबी असलेला भाग मेणासारखा अर्धपारदर्शक दिसतो, साफ झालेला भाग कोरडा आणि मॅट. पांढरेपणासाठी मेडिकलमधलं 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड पुरलं. भांडं प्लॅस्टिकचं हवं आणि झाकण घट्ट नको, कारण आत वायू साठतो. शिंगांची वरची खोळ त्याआधीच निसटून येते. ती पेरॉक्साईडमध्ये अजिबात घालू नका, रंग उडतो. खोळीला कसर लागते, म्हणून पिशवीत बांधून ती आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवली होती. अजून एकही भोक नाही.

हाड पक्कं करायला पॅरालॉइड बी-72 वापरलं. वस्तुसंग्रहालयांत जतनासाठी वापरतात तेच हे राळेसारखं द्रव्य. 100 मिली ॲसिटोनमध्ये 10 ग्रॅम विरघळवून ब्रशने दोन हात दिले. ॲसिटोन झटकन पेटतं, त्यामुळे हे काम गच्चीवर केलं. नाकातली कागदासारखी पातळ हाडं त्यामुळे वाचली, पण या द्रव्याची एक उणीव इकडच्या हवेत जाणवते. ते 40 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा त्याच्या वर असतो, आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या कवटीला धूळ चिकटायला लागली. आतल्या खोलीत हलवल्यावर ते थांबलं.

रंग ॲक्रिलिक. कपाळावर गेरूच्या छटेत नक्षी काढली, आणि शिंगांना बैलांची पोळ्याला रंगवतात तसा हिंगुळी रंग देऊन टोकांना बेगड लावली. ही शिंगं मला मनापासून आवडतात. संध्याकाळी दिवा लागला की बेगडीची कडा उजळते आणि खालचा लाल रंग जास्तच गडद वाटतो. वरून पाण्यातलं मॅट व्हार्निश दिलं. ऑइल व्हार्निश काळानुसार पिवळं पडतं, ते टाळाच.

चिपळूणचा पावसाळा ही खरी परीक्षा होती. रंगवलेल्या बाजूला काहीच झालं नाही. मागची बाजू, जिथे व्हार्निश नव्हतं आणि जी ओल आलेल्या भिंतीला टेकलेली होती, तिथे करड्या बुरशीचे ठिपके आले. आत्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि मागे लाकडाच्या दोन चकत्या लावून हवा खेळती ठेवली. परत आले नाहीत. कोकणात राहत असाल तर मागूनही व्हार्निश द्या.

कवटी बोकडाची किंवा मेंढ्याची घ्या, ती खाटिकाकडे सरळ मिळते. चितळ-सांबराची जंगलात पडलेली शिंगं मात्र उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे, मग ती तुम्हाला कितीही जुनी आणि बेवारशी दिसोत.